फौजेतून परतलेल्या तरुणाला दारावर नको, कामावर घ्या

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. निधीसाठी कोणी दुकानात आले तर आपण गल्ल्यातून नोट काढून देतो, पावती घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. देणगी देणे चांगलेच आहे. पण त्याच आठवड्यात पलटणीतून नुकताच मोकळा झालेला एखादा तरुण काम विचारीत आपल्या दारात आला, तर आपण त्याला काय उत्तर देतो? बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते: "रात्रीच्या पहाऱ्याला माणूस पाहिजे आहे, येणार का?"

या लेखात आम्ही याच उत्तराचा विचार करणार आहोत. हा विचार दयेचा किंवा नुसत्या देशप्रेमाचा नाही, धंद्याचाही आहे. आपल्या गॅरेजला, वखारीला, वेल्डिंगच्या शेडला, बांधकामाच्या ठेक्याला भरवशाचा माणूस मिळत नाही अशी तक्रार आपण रोज करतो. दुसरीकडे शिस्त लागलेला, हाताला काम शिकलेला तरुण रात्रभर बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसतो. या दोन गोष्टी एकमेकींना का भेटत नाहीत, आणि त्या भेटाव्यात म्हणून लहान व्यापारी व कारागीर काय करू शकतो, हे आपण पाहू. उदाहरणासाठी आम्ही पुणे जिल्ह्यातील विंझर गाव घेतले आहे. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एका अंगाला राजगड, दुसऱ्या अंगाला तोरणा, भोवती भातशेती. येथे जे लागू पडते ते आपल्या बहुतेक तालुक्यांच्या बाजारपेठांनाही लागू पडेल.

परतणारा माणूस म्हातारा नसतो

पहिला गैरसमज 'पेन्शनर' या शब्दातून होतो. पेन्शनर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साठीचा गृहस्थ येतो. फौजेत तसे नाही. जवान अठरा-वीसच्या वयात भरती होतो आणि १५ वर्षे सेवा झाली की पेन्शनला पात्र होतो. त्यामुळे साधे शिपाई व नाईक पस्तिशी-चाळिशीच्या आसपासच घरी येतात. त्या वेळी मुले शाळेत असतात, घर बांधायचे असते, आईवडील थकलेले असतात. म्हणजे खर्च वाढण्याच्या वयातच पगार थांबतो आणि पेन्शन सुरू होते. पेन्शन पगाराच्या निम्म्याच्या आसपास असते.

आता यात आणखी लहान वयाच्या तरुणांची भर पडत आहे. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तिच्यात साडेसतरा ते एकवीस वर्षांचे तरुण चार वर्षांसाठी घेण्याचे तेव्हा ठरले. (२०२२ च्या पहिल्या भरतीपुरती वरची मर्यादा २३ होती.) चार वर्षांनंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. बाकीचे घरी परततात. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या, म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. या मुलांना पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटी नाही. योजनेच्या अटींनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जा, कँटीन आणि माजी सैनिकांची वैद्यकीय सोयही नाही. हाती येते ती सेवानिधीची एकरकमी रक्कम आणि शिकलेल्या कामाचे प्रमाणपत्र.

तेव्हा आपल्या दारात येणारा माणूस बावीस ते चाळीस या वयाचा आहे. त्याच्यापुढे वीस ते चाळीस वर्षांचे कामाचे आयुष्य आहे. दोन वर्षांत सुटणाऱ्या नोकरीने त्याचे भागणार नाही.

पहाऱ्याची नोकरी का टिकत नाही

माजी सैनिक आणि पहारा ही जोडी आपल्या डोक्यात घट्ट बसली आहे. त्याला कारणेही आहेत. सुरक्षा एजन्सीत काम लवकर मिळते, नवे काही शिकावे लागत नाही, फौजेतला हुद्दा तेथे ओळखला जातो. बँका, कारखाने, सरकारी आस्थापना यांना गणवेशातला माणूस हवा असतो. महाराष्ट्र शासनाचे माजी सैनिक महामंडळ, म्हणजे 'मेस्को', हेही मोठ्या प्रमाणावर सुरक्षारक्षकांचेच काम देते. ही कामे वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. ज्याला ते आवडते, ज्याला ठरलेला पगार व भविष्यनिर्वाह निधी मिळतो, त्याने ते खुशाल करावे.

पण आपल्यासारख्या लहान पेढ्यांवर जी पहाऱ्याची नोकरी असते तिची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात वाढ नसते. पहिल्या दिवशी जे काम, तेच दहाव्या वर्षी. शिकण्यासारखे काही नाही, म्हणून पगार वाढवून मागायला आधारही नाही. आणि सर्वांत वाईट गोष्ट आपण मालक लोक करतो. आपण मनात म्हणतो, "याला पेन्शन आहे, चार पैसे कमी दिले तरी चालेल."

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी उच्चारले आहे. आम्हीही त्यातून सुटलेले नाही. पण विचार करा. पेन्शन ही त्याने सियाचीनच्या थंडीत व राजस्थानच्या उन्हात घालविलेल्या वर्षांची कमाई आहे. ती त्याची मागची मजुरी आहे. तिच्यातून आपण आपल्या पगाराची वजाबाकी करतो, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या मजुरीतून आपला खर्च भागवितो. कायद्यानेही किमान वेतन ठरते ते कामावर, कामगाराच्या घरी दुसरे उत्पन्न किती आहे यावर नाही. आणि धंद्याच्या दृष्टीनेही हा तोट्याचाच सौदा आहे. कमी पगारावर आलेला माणूस दोनशे रुपये जास्त मिळताच दुसरीकडे जातो, आणि मग आपणच म्हणतो, "फौजी माणसे टिकत नाहीत."

मावळची जुनी रीत

विंझरच्या परिसराने ही गोष्ट पूर्वी वेगळ्या रीतीने सोडविली होती. आज राजगड नावाने ओळखला जाणारा वेल्हे तालुका म्हणजे जुन्या बारा मावळांपैकी गुंजण मावळ व कानद खोऱ्याचा मुलूख. शिवकालातला मावळा हा वर्षभर फक्त सैनिक नव्हता. पावसाळ्यात तो भाताच्या खाचरात असे, आणि दसऱ्यानंतर मोहिमेवर निघे. मोहीम संपली तरी त्याच्या हाताला काम असे, कारण दुसरा व्यवसाय त्याने कधी सोडलेलाच नसे.

नोकरीची फौज आल्यावर ही जोडी तुटली. माणूस पंधरा-वीस वर्षे घरापासून दूर राहू लागला. शेतीची सवय गेली, वाटण्या झाल्या, बाजारातली ओळख गेली. मावळाची वा सातारा-कोल्हापूरकडची माणसे पिढ्यान् पिढ्या फौजेत गेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने तर पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि 'मिलिटरी अपशिंगे' हे नाव मिळविले. पण गावातून फौजेत जाण्याची वाट जितकी मळली, तितकी फौजेतून गावच्या धंद्यात येण्याची वाट मळली नाही.

आपल्या कारागीर वाचकांना येथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ शत्रूचे रणगाडे फोडताना शहीद झालेले परमवीरचक्राचे मानकरी हवालदार अब्दुल हमीद हे उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावच्या शिंप्याच्या घरातले होते. भरती होण्यापूर्वी ते शिवणकामात वडिलांना हातभार लावीत. शिवणयंत्रापासून फौजेपर्यंतची वाट आपल्यातल्यांनी चाललेली आहे. फौजेपासून शिवणयंत्रापर्यंत, लेथपर्यंत, गल्ल्यापर्यंतची वाट सोपी करणे आता आपल्या हाती आहे.

खडकीचा धडा

ही वाट सोपी करण्याचा एक जुना प्रयत्न विंझरपासून फार दूर नाही, पुण्याच्या खडकीत आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी जवानांसाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. पुढे ते खडकीला आले व आजही अपंग सैनिकांना तेथे धंदेशिक्षण मिळते. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या संस्थेमागचा विचार साधा आहे: जवानाला नुसती मदत देऊ नका, त्याच्या हाताला जमेल असे काम शिकवा, म्हणजे तो पुन्हा कमावता होईल.

दुसरे उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातून फौजेत गेलेले, ई.एम.ई.चे जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सर्वांना ठाऊक आहे. व्यापारी वाचकांनी लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. पदकानंतरही पोट भरायचे होतेच, आणि त्यांना पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी मिळाली. पायाने अधू झालेल्या जवानाला जर कारखान्यात जागा होऊ शकते, तर धडधाकट पस्तिशीच्या नाईकाला आपल्या शेडमध्ये जागा का होऊ नये?

परदेशातले एक उदाहरणही बोलके आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४४ साली अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांसाठी शिक्षणाचा कायदा केला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याचा लाभ घेतला. कॉलेजात गेलेल्या २२ लाखांची चर्चा जगभर झाली. पण सुमारे ३५ लाख जण धंदेशिक्षणाच्या व अन्य शाळांत गेले आणि जवळजवळ १४ लाख जण थेट कामाच्या जागी, कारखान्यात व दुकानात, काम करीत करीत शिकले. त्या काळात सरकार त्यांना निर्वाहभत्ता देई. आपल्याकडची उस्ताद-शागिर्दाची पद्धत हीच आहे. फरक इतकाच की तेथे शागिर्द तीस वर्षांचा बालबच्चेवाला होता, आणि शिकण्याच्या काळात त्याच्या चुलीची सोय केलेली होती.

फौज कोणता हुनर शिकवते?

समोर आलेल्या तरुणाला आपण विचारतो, "फौजेत होतास? कुठे होतास?" तो सांगतो काश्मीर, आसाम, जैसलमेर. विचारायचा प्रश्न हा नव्हे. विचारायचे ते असे: "कोणत्या कोरमध्ये होतास? ट्रेड कोणता?" या एका प्रश्नाने अर्धे काम होते. पुढील यादी दुकानात लावून ठेवण्यासारखी आहे.

इंजिनिअर म्हणजे सॅपर्स: गवंडी, सुतार, प्लंबर, वीजकाम, डोझर व खोदाईची यंत्रे चालविणे. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र खडकीलाच आहे. ठेकेदार, फर्निचरवाले व नळजोडणीवाले यांनी ही माणसे शोधावीत.

ई.एम.ई.: गाड्या, इंजिने, जनित्रे, वेल्डिंग, फिटिंग, इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती. गॅरेज, वर्कशॉप व पंपदुरुस्तीवाल्यांसाठी.

आर्मी सर्व्हिस कोर: जड वाहने चालविणे, शिधासामग्रीची ने-आण, स्वयंपाक. वाहतूक, किराणा घाऊक, केटरिंग यांसाठी.

ऑर्डनन्स कोर: भांडाराची व्यवस्था. कोणता माल कोठे, किती, कधी आला, आधी कोणता बाहेर काढायचा. हार्डवेअर, स्पेअर पार्ट व औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याला असा माणूस दुर्मीळ.

सिग्नल्स: तारा, वायरलेस, संगणक, केबल. मोबाइल दुरुस्ती, कॅमेरे बसविणे, सोलर व इन्व्हर्टरची कामे.

मेडिकल कोर: रुग्णसेवा, मलमपट्टी, औषधांचा साठा. स्वतःचा दवाखाना त्याला कायद्याने चालविता येत नाही, पण रुग्णालयात व औषधांच्या पेढीवर तो मोलाचा आहे.

पायदळ: येथे लोक म्हणतात, "याला बंदुकीशिवाय काय येते?" हे खरे नाही. पायदळाचा हवालदार दहा माणसांची तुकडी सांभाळतो. त्यांची हजेरी, सामान, जेवण, आजारपण, भांडणे हे सारे त्याच्या अंगावर असते. ज्या ठेकेदाराकडे दहा मजूर आहेत आणि मुकादम रोज बदलतो, त्याला यापेक्षा चांगला माणूस कोठे मिळेल? शिवाय पलटणीत शिंपी, न्हावी, धोबी, स्वयंपाकी हेही असतात, आणि ते हुनर तर आपल्या बाजारातलेच आहेत.

विंझरच्या रस्त्यावरचे एक गॅरेज

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, विंझरच्या रस्त्याला एका मिस्त्रीचे गॅरेज आहे. मोटारसायकली, पॉवर टिलर, पाण्याच्या मोटारी अशी कामे येतात. भातलावणीच्या दिवसांत टिलर बंद पडला की शेतकऱ्याला एक दिवसही थांबवत नाही. शनिवार-रविवारी तोरणा-राजगडाकडे जाणारे लोक बिघडलेल्या गाड्या घेऊन येतात. मिस्त्री हुशार आहे, पण एकटा. स्पेअर आणायला पुण्याला गेला की गॅरेज एका पोराच्या भरवशावर. कामे अडतात, तारीख चुकते, गिऱ्हाईक नसरापूरला जाते.

महिन्याची मजुरीची जमा धरू ५०,००० रुपये. भाडे, वीज, हत्यारे ८,०००. मदतनिसाचा पगार १४,०००. मिस्त्रीला उरतात २८,०००.

आता ई.एम.ई.तून निघालेला एक नाईक त्याने १८,००० रुपयांवर घेतला. मिस्त्री बाहेर असला तरी गॅरेज चालू राहते. कामाची वही ठेवली जाते, दिलेली तारीख पाळली जाते. काही महिन्यांनी मजुरी ७५,००० झाली असे धरू. भाडे-वीज ९,०००, मदतनीस १४,०००, नाईक १८,०००, एकूण खर्च ४१,०००. उरतात ३४,०००. म्हणजे पूर्वीपेक्षा ६,००० जास्त. आधीच ठरविल्याप्रमाणे या वाढीव नफ्याचा चौथा हिस्सा, १,५०० रुपये, नाईकाला दिला. मिस्त्रीकडे राहिले ३२,५००.

या हिशेबातला धोकाही स्पष्ट पाहावा. मजुरी ६९,००० च्या खाली राहिली तर मिस्त्री पूर्वीपेक्षा तोट्यात जातो. म्हणून आम्ही असे सुचवितो की, माणूस घेण्याआधी एक महिना वही ठेवा: किती कामे परत गेली, किती तारखा चुकल्या, गॅरेज किती तास बंद राहिले. परत गेलेली कामे पुरेशी असतील तरच माणूस घ्या. भिडेखातर घेतलेली नोकरी सहा महिन्यांत मोडते, आणि मोडलेली नोकरी त्या तरुणाला न मिळालेल्या नोकरीपेक्षा जास्त लागते.

नफ्याचा हिस्सा लहान असला तरी महत्त्वाचा आहे. १,५०० रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही. पण त्या दिवसापासून वही तो स्वतःची म्हणून लिहितो.

मोठा फौजी, लहान उस्ताद

पैशाचा हिशेब जुळला तरी माणसांचा जुळावा लागतो. यात दोन्ही बाजूंनी अडचणी येतात.

फौजीचे वय अडतीस, मिस्त्रीचे अठ्ठावीस. फौजीने पन्नास जणांना हुकूम दिलेले, आणि आता त्याला 'पाना दे' म्हणणारा पोरगेला आहे. अशा वेळी 'अरे-तुरे' टाळावे. 'फौजी', 'दादा', 'चाचा', जे नाते शोभेल ते लावावे. गिऱ्हाइकासमोर चूक दाखवू नये. शटर ओढल्यावर सांगावी.

फौजीच्या बाजूनेही शिकण्यासारखे असते. फौजेत साहेबाने सांगितले म्हणजे काम ठरले. बाजारात गिऱ्हाईक सकाळी एक सांगते, संध्याकाळी दुसरे. फौजेत सामान मागितले की भांडारातून मिळते. बाजारात ते उधारीवर आणावे लागते, आणि दिलेली उधारी वसूल करावी लागते. घासाघीस करणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर आवाज चढविला तर ती गावभर सांगते. म्हणून पहिले तीन महिने त्याला फक्त हत्यार देऊ नका, गल्ल्याजवळही बसवा. भाव कसा सांगतात, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, पावसाळ्यात कोणता माल भरायचा, हे त्याला कोणत्याही केंद्रात शिकविलेले नसते. ते तुम्हालाच येते.

आणि एक गोष्ट लेखी असावी. पगार किती, हिस्सा कोणत्या रकमेच्या वर, सुट्टी केव्हा, काम सोडायचे असल्यास किती दिवस आधी सांगायचे. फौजी माणूस लेखी आदेशाच्या जगातून आलेला असतो. 'पुढे बघू' हा आपला आवडता शब्द त्याला कळत नाही, आणि त्यातूनच पुष्कळ चांगली माणसे निघून जातात.

त्याच्या पैशाला पहिले वर्ष हात लावू नका

आता सर्वांत नाजूक मुद्दा. अग्निवीराच्या पगारातून दरमहा ३० टक्के रक्कम कापली जाते व तितकीच सरकार घालते. चार वर्षांत त्याचे स्वतःचे सुमारे ५ लाख २ हजार, सरकारचे तितकेच, आणि व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये त्याला मिळतात. या रकमेवर आयकर नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात इतके पैसे आले की गावात सर्वांचे लक्ष तिकडे जाते. गाडी घे, प्लॉट घे, बहिणीचे लग्न थाटात कर, माझ्या धंद्यात घाल. सांगणारे पुष्कळ असतात.

काम नसेल आणि घरखर्चाला दरमहा १५,००० रुपये त्यातून काढले, तर ही रक्कम साडेसहा वर्षांत संपते. तिशी गाठण्याच्या सुमारास तो मोकळ्या हाताने उभा राहील. एखाद्या बुडीत धंद्यात घातली तर साडेसहा महिनेही पुरणार नाही.

आपल्याकडे नेमकी उलटी स्थिती असते. कारागिराकडे हुनर आहे, भांडवल नाही. अग्निवीराकडे भांडवल आहे, बाजाराचा अनुभव नाही. दोघांनी एकत्र यावे हे साहजिक आहे. एकाचे भांडवल व दुसऱ्याची मेहनत, किंवा दोघांचे भांडवल व नफ्यात ठरलेला हिस्सा, ही व्यवहाराची रीत आपल्या वाचकांना नवी नाही. पण घाई झाली तर तीच रीत त्या पोराच्या आयुष्याची पुंजी बुडविते. म्हणून आम्ही एक नियम सुचवितो: पहिले वर्ष त्याला पगारावर ठेवा आणि त्याच्या पैशाला हात लावू नका. उसनेही मागू नका. या वर्षात तो तुमची वही पाहील, तुम्ही त्याचे काम पाहाल. त्यानंतर दोघांचे मन बसले तर भागीदारी करा. ती करताना कागद करा आणि भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातील हक्कासाठी कोर्टात दावा लावणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय सारी रक्कम कधीच घालू देऊ नका. निम्मी त्याच्या नावाने बाजूला राहू द्या. हा सल्ला तुमच्या फायद्याविरुद्ध वाटेल. पण ज्या बाजारात परतलेल्या पोराचे पैसे बुडाले अशी एक बातमी फिरते, त्या बाजारात दुसरा पोरगा येत नाही.

कोणत्या कचेरीत जावे?

बहुतेक व्यापाऱ्यांना वाटते की या सरकारी गोष्टी फक्त माजी सैनिकासाठी आहेत. मालकानेही तेथे जावे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काम हवे असलेल्या माजी सैनिकांची नोंद असते. तुम्हाला कोणत्या ट्रेडचा माणूस हवा, कोणत्या गावी, किती पगारावर, हे एका कागदावर लिहून द्या. विंझर-वेल्ह्याकडच्यांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे.

संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे निवृत्तीपूर्वी जवानांना निरनिराळे अभ्यासक्रम दिले जातात. दक्षिण विभागाचे त्यांचे कार्यालय खडकीला आहे. ओळखीचा जवान पुढच्या वर्षी निघणार असेल तर त्याला आताच विचारा की कोणता अभ्यासक्रम घेतोस. बाजाराला काय लागते ते तुम्ही सांगितले तर तो निवड नीट करील.

शिकाऊ उमेदवारीची केंद्र सरकारची प्रोत्साहन योजना १९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाली. ठरलेल्या विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार सोसते. चार ते एकोणतीस माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणे ऐच्छिक आहे. तेवीस-चोवीस वर्षांचा परतलेला अग्निवीर वयाने यात बसतो. जवळच्या शासकीय आय.टी.आय.मध्ये चौकशी करावी.

स्वतःचा उद्योग काढायचा असल्यास पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या २०२२ च्या नियमांत माजी सैनिक विशेष गटात धरला आहे. ग्रामीण भागात प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावेत. अग्निवीराला मात्र माजी सैनिकाचा दर्जा नसल्याने ही सवलत गृहीत धरू नये.

सरकारी नोकरीचा मार्गही आहे. महाराष्ट्र शासनाच्या गट क व ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. तुमच्याकडे काम करणारा तरुण अशा परीक्षेचा अभ्यास करीत असेल तर त्याला संध्याकाळी एक तास द्या. विंझरला महाविद्यालयही आहे. पदवी अर्धी राहिली असेल तर पुरी करू द्या. तो पुढे गेला तर आपले नुकसान होईल असे समजू नका. जाताना तो आपल्या पलटणीतला दुसरा माणूस पाठवून जाईल.

आपण काय करावे?

सारांश असा. आपल्या बाजारातल्या दहा दुकानदारांनी व कारागिरांनी मिळून एक कागद करावा: कोणाकडे कोणते काम आहे, कोण कोणते काम शिकवू शकतो. गावात सुट्टीवर आलेल्या जवानाला चहाला बोलावून त्याचा ट्रेड व निघण्याचे वर्ष लिहून घ्यावे. तो निघण्याआधी सहा महिने त्याच्याशी बोलावे. कामावर घेताना पगार कामाचा द्यावा, पेन्शन विचारून नव्हे. पहिले वर्ष पगार व लहान हिस्सा, दुसऱ्या वर्षी वाढीव जबाबदारी, मन बसले तर भागीदारी. आणि काम नसेल तर स्पष्ट 'नाही' म्हणावे, व ज्याच्याकडे आहे त्याचे नाव सांगावे.

यात मोठा खर्च नाही. लागते ते थोडे लक्ष आणि एक वही. पुढच्या ७ डिसेंबरला ध्वजदिनाची पावती जरूर घ्या. पण त्या दिवशी आपल्या दुकानात, शेडमध्ये, वखारीत फौजेतून आलेला एक तरी माणूस हत्यार हातात घेऊन किंवा वही उघडून बसलेला असेल असे पाहा. दाराबाहेरची खुर्ची आत घ्यायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.